कोल्हा माणूस झाला, पण कोल्हा राहिला का? एका फॅन आर्टचं प्रकरण

एका चित्रकार मैत्रिणीने डिस्नेच्या 1973 सालच्या ‘रॉबिन हूड’ या ॲनिमेशनपटातला कोल्हा माणसाच्या रूपात काढला. चित्र देखणं होतं. ज्यांना दाखवलं त्यांनी रॉबिन हूड चटकन ओळखला, कपड्यांचं आणि उजेडाचं कौतुक केलं. पण ज्यांना तो सिनेमा तोंडपाठ आहे, त्यांनाही हा ‘तो’ रॉबिन आहे हे सांगितल्याशिवाय कळलं नाही. सांगितल्यावर म्हणाले, “हो का? असेल.” त्या ‘असेल’मुळे ती हिरमुसली आणि चित्र घेऊन माझ्याकडे आली. पुढचं सगळं त्या एका चित्राबद्दल आहे: ते कुठे अडलं, काय काय बदललं आणि का.

तिने प्रसंग निवडला होता तो सिनेमातला माझाही आवडता. सशाच्या एका पिल्लाचा, स्किपीचा, वाढदिवस असतो. घरच्यांनी त्याला एक फार्दिंग दिलेलं असतं, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. नॉटिंगहॅमचा शेरीफ, जो लांडगा आहे, तो कराच्या नावाखाली तेवढंही काढून घेतो. मग आंधळ्या भिकाऱ्याच्या वेशात रॉबिन येतो, वेश उतरवतो आणि पिल्लाला स्वतःची टोपी आणि धनुष्यबाण देतो. मैत्रिणीच्या चित्रात गुडघा टेकून बसलेला तांबूस केसांचा एक तरुण होता, हिरवा अंगरखा घातलेला. समोर डोळ्यांवर टोपी घसरलेला मुलगा आणि मागे हसणारी आई. सगळं जागच्या जागी होतं आणि तरीही ते कुठल्याही बालपुस्तकातलं पान वाटत होतं.

पात्र आलं कुठून

अडचण समजायला या पात्राचा प्रवास ध्यानात घ्यावा लागतो. बहुतेक ॲनिमेशनमधले प्राणी मुळात प्राणी म्हणूनच जन्मतात. हा तसा नाही. श्रीमंतांना लुटून गरिबांना देणारा रॉबिन हूड हा शतकानुशतकं इंग्रजी लोकगीतांमधला माणूस आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या एका इंग्रजी काव्यातही त्याच्या गाण्यांचा उल्लेख येतो. 1938 साली एरॉल फ्लिनने तो पडद्यावर साकारला आणि हिरवे कपडे, पिसाची टोपी, कमरेवर हात ठेवून मोकळं हसणारा देखणा पुरुष हे चित्र लोकांच्या डोक्यात घट्ट बसलं. डिस्नेचे चित्रकार केन अँडरसन यांनी या माणसाला कोल्हा केलं. म्हणजे माणूस, मग कोल्हा, आणि आता फॅन आर्टमध्ये, म्हणजे चाहत्यांनी काढलेल्या चित्रांत, पुन्हा माणूस. या परतीच्या वाटेवर हात आपोआप पहिल्याच माणसाकडे वळतो. मैत्रिणीच्या चित्रात नेमकं हेच झालं होतं. मधला कोल्हा गळून पडला होता.

इतर सिनेमांतल्या एखाद्या सिंहाला किंवा अस्वलाला माणूस करताना हा धोका सहसा नसतो, कारण मागे उभा असलेला तयार माणूस नसतो. म्हणूनच मला हे पात्र या प्रकारातलं सगळ्यात अवघड वाटतं आणि शिकण्यासाठी सगळ्यात चांगलंही.

दुसरी गोष्ट, हा कोल्हा आधीच निम्म्याहून जास्त माणूस आहे. तो दोन पायांवर चालतो, त्याला खांदे आहेत, धनुष्य ओढणारी बोटं आहेत. डोळ्यांत पांढरा भाग आणि त्यात काळी बुबुळं, म्हणजे डोळेही आपलेच. मिल्ट काल, फ्रँक थॉमस, ऑली जॉन्स्टन, जॉन लाउन्सबेरी यांच्यासारखी मुरलेली मंडळी या सिनेमाचं ॲनिमेशन सांभाळत होती, आणि माणसाची देहबोली प्राण्याच्या अंगात घालणं हा त्यांच्या हातचा मळ होता. गावकऱ्यांच्या नाचाच्या दृश्यात तर रॉबिनची प्रेयसी मेड मॅरियन हिच्या काही हालचाली 1937 च्या ‘स्नो व्हाइट’मधल्या नाचावरून जशाच्या तशा उचलल्या आहेत. त्या मूळ नाचासाठी मार्ज बेल्चर या खऱ्या नर्तकीचं चित्रीकरण करून ते चित्रकारांनी समोर ठेवलं होतं. हिशेब मांडला तर एका जिवंत मुलीचा नाच आधी रेखाटलेल्या राजकन्येच्या अंगात गेला आणि छत्तीस वर्षांनी एका कोल्हीणीच्या.

तेव्हा मैत्रिणीला मी म्हटलं, “अंग तर आधीच माणसाचं आहे. तू फक्त मुंडकं बदललंस आणि शेपूट काढलीस. मग उरलं काय?”

ती म्हणाली, “केस तांबडे ठेवलेत ना.”

तांबडे केस पुरत नाहीत

कोल्ह्याचं माणूस म्हटलं की तांबडे केस, मांजर म्हटलं की टोकदार डोळे, ससा म्हटलं की पुढचे दोन दात. जपानी चित्रकार ज्याला गिजिंका म्हणतात त्या मानवीकरणाच्या परंपरेतही अशा ठरलेल्या खुणा भरपूर दिसतात, आणि त्या वाईट नसतात. पण इथे त्या कमी पडल्या. कारण रंगाचा नव्हता, रंगाच्या प्रमाणाचा होता.

आम्ही सिनेमातली एक चौकट आणि तिचं चित्र शेजारी ठेवलं आणि दोन्ही इतकी धूसर केली की फक्त रंगाचे डाग उरले. कोल्ह्याच्या चौकटीत तांबूस-नारिंगी रंग चेहऱ्यावर, हातांवर, पायांवर, शेपटीवर असा सगळीकडे होता आणि हिरवा अंगरखा त्याच्या मधोमध. मैत्रिणीच्या चित्रात तो रंग डोक्यावरच्या एका ठिपक्यापुरता राहिला होता आणि बाकी सगळं हिरवं आणि कातडीच्या रंगाचं. डोळा आधी डाग ओळखतो, तपशील नंतर. डागच बदलल्यावर तपशील कितीही नेमके असले तरी ओळख पटणार कशी?

मग तो रंग कपड्यांमध्ये वाटून टाकला. पायांत गंजाच्या रंगाची जाड लोकरीची तुमान आली (सिनेमातला रॉबिन अंगरख्याखाली काही घालत नाही, माणसाला ती मुभा देता येत नाही). अंगरख्याच्या बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर संपवल्या आणि आतून त्याच तांबूस कापडाच्या बाह्या दिसू दिल्या. गळ्याशी मळकट पांढरा सदरा उघडा ठेवला, कारण कोल्ह्याचा गळा आणि हनुवटी फिकट असते आणि तो फिकट पट्टा चेहऱ्याला खालून उजळवतो. खऱ्या तांबड्या कोल्ह्याचे पाय काळसर मोजे घातल्यासारखे असतात, म्हणून गडद चामड्याचे नरम जोडे आणि हातमोजे आले. पुन्हा धूसर करून पाहिलं. एकही केस न दिसता तो कोल्हा दिसत होता.

कातडीचा रंग हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर माझं मत ठाम आहे. फरचा रंग थेट कातडीवर उतरवायचा नाही. तसं करायला गेलं की तपकिरी प्राण्यांची सावळी माणसं आणि काळ्या प्राण्यांची काळी माणसं होतात, आणि कथेतले खलप्राणी अनेकदा गडद रंगवलेले असल्यामुळे नकळत एक घाणेरडं समीकरण कागदावर उतरतं. कातडी कुठल्याही रंगाची असू शकते. तो निर्णय पात्राकडे बघून स्वतंत्रपणे घ्यावा. मैत्रिणीने उन्हाने रापलेला, वांग आणि तीळ असलेला चेहरा केला, कारण हा माणूस जंगलात राहतो. तेवढं कारण पुरेसं आहे.

तोंड, कान, शेपूट

लांब मुस्कटाचं काय करायचं, यावर बराच वेळ गेला. पहिलं सुचतं ते लांब नाक, आणि लांब नाकाने माणूस कोल्ह्यासारखा न दिसता फक्त लांब नाकाचा दिसतो. मुस्कटामुळे खरं तर अख्खा चेहरा पुढे सरकतो. प्राणी एखाद्या गोष्टीकडे बघतो तेव्हा आधी तोंड तिकडे पोचतं, मग अंग. ते माणसाला मानेतून देता येतं. रॉबिनची मान आम्ही पुढे काढली, हनुवटी किंचित वर, खांदे मागे. गुडघा टेकलेला असूनही तो आता मुलाच्या दिशेने झेपावल्यासारखा दिसायला लागला. गालफडं आत घेतली, चेहरा खाली निमुळता केला आणि नाक होतं तसंच ठेवलं.

कान भाव सांगतात. सिनेमात कान पडले की आपल्याला वाईट वाटतं आणि ताठ झाले की आपणही सावध होतो. माणसाचे कान हलत नाहीत, तेव्हा ते काम भुवयांकडे आणि कपाळावरच्या केसांकडे गेलं. इथे प्रसंगाने एक पेच टाकला: टोपी तर मुलाच्या डोक्यावर आहे, म्हणजे रॉबिनचं डोकं उघडं. टोपीखाली दबलेले केस दोन्ही बाजूंना थोडे उभे राहिले आहेत असं तिने काढलं. दिवसभर टोपी घालणाऱ्याचे राहतातच तसे. कानांची आठवण येते, पण कान काढले आहेत असं वाटत नाही.

शेपटीच्या बाबतीत बरेच जण ढगळ झगा किंवा लांब उपरणं देऊन मोकळे होतात. पण शेपूट आकृतीत करते काय? ती अंगाची रेषा पुढे नेते, तोल सांभाळते, आणि अंग थांबलं तरी क्षणभर हलत राहते. म्हणजे जे काही तिच्या जागी येईल ते अंगाच्या मागे लोंबणारं आणि थोडं उशिरा थांबणारं हवं. रॉबिनच्या पाठीवर ते आयतं मिळालं, अर्धवट उतरवलेल्या भिकाऱ्याच्या चिंध्यांमध्ये. त्या चिंध्या पुढे फार मोलाच्या ठरल्या.

आवाज देणाऱ्या नटाचा चेहरा घ्यावा का, हेही तिने विचारलं होतं. रॉबिनला ब्रायन बेडफर्ड या ब्रिटिश नटाचा आवाज आहे. आवाज देणाऱ्याचं रूप पात्रात मिसळतं हे खरंच आहे: याच सिनेमातल्या सर हिस या सापाच्या दातांतली फट टेरी-थॉमस या नटाच्या प्रसिद्ध फटीवरून आली. पण नटाचा चेहरा काढला की ते त्या नटाचं चित्र होतं. सर हिसला माणूस करताना मी ती फट नक्की ठेवेन, कारण ती आता सापाची झाली आहे. बेडफर्ड यांचा चेहरा कोल्ह्याचा कधीच नव्हता.

बदनामी कुठे गेली

एवढं करूनही चित्र पूर्ण झालं नव्हतं. आता तो कोल्ह्याचा माणूस म्हणून ओळखू येत होता, पण प्रसंगातली ऊब अजून साधी होती. एक चांगला माणूस एका लहान मुलाला भेट देतोय. सिनेमात हा प्रसंग याहून खूप जास्त काही सांगतो.

कारण तिथे कोल्हा सशाच्या पिल्लाला भेट देतो.

सिनेमात कुणीही म्हणत नाही की कोल्हे ससे खातात. गरजच नाही. ते आपण घरून घेऊन येतो. गोष्टींमधला कोल्हा कसा असतो हे पाच वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतं: गोड बोलणारा, फसवणारा, ज्याच्यापासून सशांनी दूर राहावं असा. त्या ज्ञानाच्या पाठीवर हा प्रसंग उभा आहे. ज्याने पिल्लू पळवायचं तो स्वतःची टोपी काढून पिल्लाच्या डोक्यावर ठेवतो, आणि ज्यांनी राखायचं, ते शेरीफ आणि राज्य चालवणारा राजपुत्र जॉन, शेवटचं नाणंही काढून नेतात. अँडरसन यांच्या निवडीतलं खरं बळ मला इथे दिसतं. सिंह, लांडगा, अस्वल, गरीब ससे आणि चर्चमधले उंदीर, प्रत्येक प्राणी आपली ख्याती बरोबर घेऊन येतो आणि कथेला ती सांगत बसावी लागत नाही.

प्राण्याचा माणूस केला की फर जाते, शेपूट जाते, आणि त्यांच्याबरोबर ही ख्यातीही जाते. फरची भरपाई सगळे करतात. ख्यातीची करायचं सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, आणि माझ्या मते मानवी रूपातली बहुतेक चित्रं नुसती गोंडस राहतात ती यामुळे.

मैत्रिणीला हे पटलं आणि तिने लगेच आईकडे हात घातला. मागे उभी असलेली आई आता हसत नव्हती. मुलाच्या खांद्यावर तिचा हात होता, त्याला मागे ओढायच्या बेतात. चित्रात ताण आला, यात शंका नाही. पण मी विरोध केला आणि यावर आमची चांगलीच जुंपली.

माझं म्हणणं असं होतं: सिनेमात सशीण रॉबिनला घाबरत नाही. गावातलं कुणीच घाबरत नाही. तो त्यांचा आधार आहे. आईच्या चेहऱ्यावर संशय आणला तर तू कथा बदलतेस. संशय पात्रांना नसून आपल्याला, बघणाऱ्यांना असतो, आणि ससे निर्धास्त आहेत हे बघूनच आपला संशय विरघळतो. तेव्हा माणसांच्या चित्रातही संशय बघणाऱ्यालाच यायला हवा. आई हसतच राहू दे. रॉबिन मात्र असा हवा की त्याला रस्त्यात बघितलं तर आपणच पिशवी सावरून धरू.

ती म्हणाली, “मग तो खलनायक दिसेल.” भीती रास्त होती. त्याला डोळ्यावर व्रण देणं, दात विचकायला लावणं हे सोपे मार्ग होते आणि ते दोन्ही आम्ही टाळले. कोल्ह्याची बदनामी हिंसेची नसते, लबाडीची असते. लबाड माणूस दिसतो कसा? अर्धवट मिटलेले डोळे, हसू एका बाजूला थोडं जास्त ताणलेलं, आणि समोरच्याने कळायच्या आत काहीतरी करून बसणारे हात. हातांवर तिने सगळ्यात जास्त मेहनत घेतली. उजवा हात मुलाच्या डोक्यावर टोपी बसवतोय, आणि बोटं इतकी सफाईदार आहेत की तीच बोटं खिसाही तितक्याच सहज कापत असतील असं वाटतं. (तो खिसे कापतोच, श्रीमंतांचे.)

आणि मग त्या चिंध्या. आधीच्या चित्रात तिने वेश पूर्ण उतरवला होता, रॉबिन स्वच्छ हिरव्या कपड्यांत होता. आता भिकाऱ्याचं लक्तर एका खांद्यावरून घसरलेलं, मागे लोंबतंय, आंधळ्याची काठी जमिनीवर पडलेली. चित्र बघणाऱ्याला सगळ्यात आधी एवढं कळतं की हा माणूस आत्ता, या क्षणापर्यंत, खोटं बोलत होता. आंधळा नसताना आंधळा बनून तो एका गरीब घरात शिरला आहे. त्यानंतर नजर टोपीवर जाते, मुलाच्या चेहऱ्यावर जाते. आई हसते आहे. लबाडी आणि भलाई एकाच चौकटीत, त्याच क्रमाने, जशी कोल्ह्याच्या बाबतीत येते. आणि हे सगळं सिनेमातच होतं, बाहेरून काही आणावं लागलं नाही.

मुलाबद्दल थोडक्यात. पुढे आलेले दोन दात तिने काढले नाहीत, आणि बरं केलं. सशाची ख्याती भित्रेपणाची. मुलगा वयाच्या मानाने बारका ठेवला, अनवाणी, टाचा उचललेल्या, म्हणजे कुठल्याही क्षणी पळू शकेल असा. फक्त तो पळत नाही.

रेषेबद्दलही सांगायला हवं. 1961 च्या डाल्मेशियन कुत्र्यांच्या सिनेमापासून डिस्नेत पेन्सिलची रेषा झेरॉक्सच्या तंत्राने थेट सेलवर, म्हणजे ॲनिमेशनच्या पारदर्शक पत्र्यावर, उतरवली जाऊ लागली, त्यामुळे त्या काळातल्या सिनेमांची बाह्यरेषा खरखरीत, जागोजागी दुहेरी दिसते. ‘रॉबिन हूड’ तसाच आहे. मैत्रिणीची आधीची रेषा गुळगुळीत, आजच्या पद्धतीची होती. ती बदलून कोरड्या पेन्सिलची केली, खालची कच्ची रेघ कुठे कुठे तशीच दिसू दिली. या एका बदलाने चित्र त्या सिनेमाच्या घरात जाऊन बसलं.

ती या चित्राचे प्रिंट विकणार नाही, हे आम्ही आधीच बोललो होतो. दंतकथेतला रॉबिन हूड सगळ्यांचा आहे, पण हा कोल्हा डिस्नेचा आहे, आणि आम्ही जे काही कष्टाने टिकवलं ते नेमकं त्या कोल्ह्याचं आहे. चित्राखाली सिनेमाचं नाव आणि केन अँडरसन यांचं नाव तिने लिहिलं. मूळ रचनाकाराचं नाव लिहिणं फॅन आर्टमध्ये फार क्वचित दिसतं, आणि ते दिसायला हवं.

नवं चित्र तिने पुन्हा त्याच लोकांना दाखवलं, काही न सांगता. सिनेमा माहीत असणाऱ्यांनी या वेळी कोल्हा ओळखला. एकीने तर आधी स्किपी ओळखला आणि त्याच्यावरून रॉबिन. ज्यांनी सिनेमा पाहिलेलाच नाही त्यांतल्या एकाने विचारलं, “हा माणूस चांगला आहे की वाईट?” मैत्रिणीला तो प्रश्न सगळ्या कौतुकापेक्षा जास्त आवडला, आणि मलाही.

आता तिने राजपुत्र जॉन हातात घेतला आहे. तो सिंह आहे, पण त्याला आयाळ नाही. त्याचा भाऊ राजा रिचर्ड, त्याला आहे. दोघांनाही पीटर युस्टिनॉव्ह यांचाच आवाज. जॉनचा मुकुट त्याला मोठा होतो, आणि आईचं नाव निघालं की तो अंगठा चोखतो. पहिल्या कच्च्या चित्रात तिने त्याला टक्कल दिलं होतं. मी म्हटलं, टक्कल म्हणजे असलेलं गेलं. याला आयाळ कधी आलीच नाही. दाढी न फुटलेला प्रौढ माणूस काढून बघू, असं सध्या ठरलंय.